टांगणीला

रविवारी रबाळे एमआयडीसीत यंत्रं गप्प असतात.
खोक्यांच्या कारखान्यावरचा गाळा, लोखंडी जिना,
वर कृपा पाटणे. चष्मा कपाळावर,
कमरेला बोथट टोकाची कात्री,
कातडीला न बोचता दोर कापणारी.
"ही दिसली नाही तर वर्ग नाही,"
पहिल्याच दिवशी म्हणाली.

पूर्वी ती ऐरोलीत काचेच्या इमारती धुणाऱ्या पोरांचे
दोर तपासायची.
त्यातला एक अजून खिळ्याला आहे, मधे सोललेला.
त्याचं विचारलं की विषय बदलते.

मी ब्लाउज शिवते, कोपरखैरण्यात, बावीस वर्षं.
मुंढा, बाही, दंडघेर,
बायकांचे दंड मला नावानिशी पाठ.
पण दंडाच्या बाहेरून, हाडाला वळसा घालून
एक नस मनगटाकडे जाते,
ती दबली तर हात लुळा पडतो, कधी महिनोन् महिने,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
कृपाने शुद्धोधनच्या दंडावर रेघ मारली,
माझ्याच खडूने.
"इथे नाही. इथेही नाही.
आणि प्रत्येकाची जरा इकडेतिकडे असते,
तेव्हा खडूवर जाऊ नकोस, त्याला विचार."

शुद्धोधन न्हावाशेव्याला क्रेन चालवतो.
डबे उचलतो, ठेवतो, उचलतो.
एकदा आपल्यालाच कुणीतरी उचलावं,
हे त्याने लग्नाच्या अकराव्या वर्षी सांगितलं,
दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून.
मी हसले नाही.
म्हणजे, थोडी हसले. मग माप घेतलं.

पहिला महिना नुसतं सोडणं.
खुर्चीला बांध, सोड. डोळे मिटून सोड.
सुरगाठीची निरगाठ झाली
की कृपा बोलायची नाही, कात्रीकडे बघायची.
तागाचा दोर उकळला, ताणून वाळवला,
शेगडीवरून झरझर ओढून त्याची लव जाळली, तेल चोळलं.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,
शाळेत ही म्हण हेकट माणसासाठी होती.
इथे मला पीळच हवा होता.
वजन तोच धरतो.

तुळईच्या कड्याला वाळूची सात पोती
रात्रभर टांगून ठेवली.
सकाळी शुद्धोधन शिडीवर चढला,
वेल्डिंग बोटाने चाचपलं,
"चालेल," म्हणाला, बंदरावरच्या आवाजात.

मग तो. छाती, कंबर, मांड्या.
"दोन बोटं जातात?" "जातात."
खाली गादी. एक पाय सुटला,
दुसरा सुटला,
आणि घरातलं सगळ्यात जड माणूस
किंचित फिरलं.

जीव टांगणीला लागतो तो वरच्याचा नाही.

"मनगट उचल. अंगठा वर. बोटं पसर."
पुन्हा. "अंगठा वर."
तिसऱ्यांदा अंगठा उशिरा आला.
"ठीक आहे," तो म्हणाला.
त्याचं हे ठीक आहे मला माहीत आहे,
एकशे दोन ताप घेऊन पाळीला जातानाचं.
मी कृपाकडे बघितलंही नाही.
पाय आधी, मग कंबर, छातीचा दोर सगळ्यात शेवटी.
हात थरथरले ते नंतर,
तो गादीवर बसल्यावर.

सगळी मिळून चार मिनिटं.
त्यासाठी पाच महिने.
तो रागावला होता, पाठ करून मनगट चोळत होता.
कृपाने त्याच्या खांद्यावर चादर टाकली,
शेंगदाणे आणि गूळ पुढे सरकवला,
"पुढचा महिना दोघंही जमिनीवर," म्हणाली,
आणि दोराची गुंडी करायला लागली.

रात्री जेवताना मी म्हटलं, "अंगठा."
त्याने भातासकट वर केला. सरळ, ताबडतोब.
"मग तेव्हा बोलला का नाहीस?"
बराच वेळ भात कालवत राहिला.
"केबिनमधून दिवसभर खाली बघतो गं,
कोण डब्याखाली आलंय, कोण नाही.
तिथे पहिल्यांदाच
खाली बघायचं नव्हतं."

मी ताट उचललं.
उद्या बारा ब्लाउज आहेत,
आणि झोपण्यापूर्वी एकदा पुन्हा अंगठा.